तार गेली, हजेरी चालू!

आयबीएमचा मेनफ्रेम, म्हणजे मुख्यालयातला मोठा संगणक, बँकेच्या शाखेतल्या यंत्राला सिरियल तारेवरून दिवसभर एकच प्रश्न विचारत असतो: ‘आहेस का? काही पाठवायचंय का?’ शाखेतलं यंत्र म्हणतं: ‘आहे. काही नाही.’ उत्तराला ठरलेल्या वेळेपेक्षा उशीर झाला की मेनफ्रेम पुन्हा विचारतो, पुन्हा विचारतो आणि शेवटी शाखा मेली असं समजून सत्र तोडतो. १९७४ मध्ये आयबीएमनं एसएनए ही नेटवर्क-रचना जाहीर केली. तिच्यातल्या एसडीएलसी या प्रोटोकॉलचा हा खाक्या.

पुढे कंपन्यांनी राउटर लावून आयपी जाळं उभारलं आणि एकाच शाखेसाठी दोन लाइनींचं भाडं सुरू झालं, एक मेनफ्रेमची आणि दुसरी बाकी सगळ्यांची. दोन भाडी कोणाला परवडतात? मग तोडगा निघाला. सिरियल तारेवर आलेली फ्रेम राउटरनं उचलायची, टीसीपीत घालून आयपी जाळ्यातून पलीकडे न्यायची आणि तिकडच्या राउटरनं ती पुन्हा सिरियल तारेवर सोडायची. हे सिरियल टनेलिंग. सिस्कोनं आपल्या राउटरवर त्याचं नाव ‘स्टन’ ठेवलं. मेनफ्रेमला वाटतं तार अजून जागेवर आहे. प्रत्यक्षात मधली तार कधीच निघालेली असते. या फसवाफसवीवर एसएनएमपीनं, म्हणजे नेटवर्कमधल्या यंत्रांना त्यांचे आकडे विचारणाऱ्या प्रोटोकॉलनं, नजर ठेवायची म्हटलं की काय काय मजा हाती लागते, ते पाहा.

राउटर प्रॉक्सी मारतो

‘काही आहे का?’ ‘काही नाही’ या संवादातली एकेक एसडीएलसी फ्रेम अवघी ६ बाइटची असते. सुरुवातीचं आणि शेवटचं निशाण, पत्ता, नियंत्रणाचा एक बाइट आणि चूक पकडणारे दोन बाइट, संपलं. ९६०० बिट प्रतिसेकंदाच्या तारेवर ती ५ मिलिसेकंदांत जाते. हीच फ्रेम टीसीपी-आयपीतून न्यायची तर नुसती हेडरंच किमान ४० बाइट खातात. म्हणजे ‘काही नाही’ हे कळवण्यासाठीच सगळ्यात जास्त खर्च!

यावरचा इलाज म्हणजे ‘लोकल ॲक’. कॉलेजात मित्र सिनेमाला गेला की त्याच्या नावाला ‘हजर’ म्हणणारा एक जण वर्गात बसलेला असायचा. राउटर अगदी तेच करतो. मेनफ्रेमच्या बाजूचा राउटर शाखेच्या वतीनं ‘हजर’ म्हणतो आणि शाखेच्या बाजूचा राउटर मेनफ्रेमच्या वतीनं हजेरी घेत राहतो. मधल्या जाळ्यातून फक्त खरा मजकूर जातो. जाळ्यात घटकाभर गोंधळ झाला, टीसीपीला तेच पाकीट पुन्हा पाठवावं लागलं, तरी मेनफ्रेमला पत्ता लागत नाही आणि सत्र टिकतं.

उपग्रहाच्या लाइनीवर तर हा इलाज हवाच. भूस्थिर उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतो. प्रश्न वर जाऊन खाली आणि उत्तर वर जाऊन खाली, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. ५ मिलिसेकंदांच्या प्रश्नासाठी अर्धा सेकंद ताटकळायचं, तेही प्रत्येक वेळी!

निगराणी करणाऱ्यानं यातून एक गोष्ट हेरायची. रात्री बँक बंद असताना सिरियल इंटरफेसचे काउंटर पळत असतात आणि टनेलचे काउंटर जवळजवळ थांबलेले असतात. नवा माणूस घाबरून फोन लावतो. खरं तर सगळं आलबेल असतं, प्रॉक्सी चालू असते इतकंच. हे दोन आकडे एकाशेजारी एक ठेवून पाहिल्याशिवाय अशा लाइनीबद्दल काही बोलू नये.

पाच एकांनंतर एक शून्य

एसडीएलसीची फ्रेम ०११११११० या निशाणानं सुरू होते आणि त्यानंच संपते. मग मजकुरातच सलग सहा एक आले तर? पाठवणारा पाच एक लागोपाठ आले की निमूटपणे एक शून्य घुसवतो आणि घेणारा ते तितक्याच निमूटपणे काढून टाकतो. मजकूर नुसता एकांचाच असेल तर तारेवरची गर्दी २० टक्क्यांनी वाढते. हे काम हार्डवेअर करतं. काउंटरला घुसवलेलं शून्य दिसतच नाही. म्हणून तार गच्च भरलेली असतानाही तुमचा आलेख शंभर टक्क्यांच्या थोडा खालीच रेंगाळू शकतो. आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका.

घड्याळ इकडेच राहतं

सिंक्रोनस सिरियल तारेवर बिटांसोबत घड्याळाचा ठोकाही जातो: मोडेम ठोका देतो, यंत्र त्यावर चालतं. टनेलमधून जातात त्या फक्त फ्रेम. ठोका टीसीपीतून जातच नाही. त्यामुळे दोन्ही टोकांना ठोका कोण देणार हे वेगवेगळं ठरवावं लागतं, मोडेम नसेल तर राउटरलाच द्यावा लागतो. त्यात आयबीएमच्या बऱ्याच यंत्रांना एनआरझेडआय पद्धतीचं बिट-लेखन हवं असतं, तर राउटरची मूळ सवय एनआरझेड. हे जुळलं नाही की केबल घट्ट, ठोका बरोबर आणि तरी एक धड फ्रेम आत येत नाही. फक्त चुकांचा काउंटर सणसणत वाढतो. नवीन लाइन लावल्यावर पहिल्या दिवशी एसएनएमपीत तो एक आकडा आधी पाहावा, असं माझं ठाम मत आहे.

मोडेमची नाडी

आरएस-२३२ हे मानक १९६० चं. सीटीएस, डीएसआर, डीसीडी ही त्याच्या पिनांवरच्या इशाऱ्यांची नावं जुन्या तंत्रज्ञांना तोंडपाठ असतात. या इशाऱ्यांसाठी एसएनएमपीत एक स्वतंत्र तक्ता आहे: आरएफसी १६५९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे क्रमांकित दस्तऐवज). कोणता इशारा आत्ता चालू आहे हे तो सांगतोच, शिवाय तो आजवर किती वेळा बदलला तेही मोजतो. राउटरमध्ये या तक्त्याची सोय असेल, तर डीसीडीच्या बदलांचा आकडा दर पावसात उड्या मारतो का ते पाहा. टेलिफोन कंपनीशी भांडायला याहून चांगला पुरावा नाही.

खुद्द एसडीएलसीसाठीही तक्ता आहे, १९९५ चा आरएफसी १७४७. किती वेळा हजेरी विचारली आणि किती वेळा उत्तर आलं, हे दोन्ही त्यात मोजलेलं मिळतं. प्रश्न वाढतायत आणि उत्तरं थांबलीत, तर पलीकडचं यंत्र खरंच झोपलंय.

ही सालं नव्हेत

स्टनची वाहतूक टीसीपीच्या १९९०, १९९१, १९९२ आणि १९९४ या पोर्टवरून जाते. सगळ्यात महत्त्वाची वाहतूक १९९४ वरून, बाकीची पायरीपायरीनं उरलेल्या तिघांवरून. मग १९९३ चं काय झालं? पोर्टच्या जागतिक नोंदवहीत तो क्रमांक सिस्कोच्याच नावावर आहे, टीसीपीवरून चालणाऱ्या एसएनएमपीसाठी! ज्याच्यावर नजर ठेवायची तो आणि नजर ठेवणारा, नोंदवहीत असे खेटून बसले आहेत. रोजच्या वापरातला एसएनएमपी मात्र यूडीपीच्या १६१ वर प्रश्न घेतो आणि १६२ वर बोंब ठोकतो.

जाता जाता एक इशारा. व्हिडिओ कॉलवाल्यांचाही एक ‘स्टन’ आहे, तो पत्ते बदलणाऱ्या नॅटच्या आडून वाट काढतो आणि ३४७८ या पोर्टवर बसतो. फायरवॉलमध्ये ‘स्टन’ नावाचा तयार नियम दिसला म्हणून टिचकी मारलीत, तर मेनफ्रेमची शाखा बंदच राहील.

प्रत्येक प्रश्न पेंटागॉनच्या दारावरून

एसएनएमपीत प्रत्येक गोष्टीला ठिपक्यांनी तोडलेला लांबलचक क्रमांक असतो आणि जवळपास सगळे क्रमांक १.३.६.१ नं सुरू होतात. यातला ६ म्हणजे अमेरिकेचं संरक्षण खातं. इंटरनेट त्या खात्याच्या पैशावर वाढलं, म्हणून त्याची फांदी खात्याच्या फांदीतून फुटली. सांगलीतल्या प्रिंटरमध्ये शाई किती उरली हे विचारतानाही क्रमांक तिथूनच जातो.

कंपन्यांना या झाडावर आपापला नंबर मिळतो. आयबीएमचा २, सिस्कोचा ९. इतके लहान आकडे म्हणजे रांगेत पहाटेच उभं राहिल्याची खूण. मायक्रोसॉफ्ट आला तोवर नंबर ३११ वर गेला होता.

हिरवा दिवा खोटं बोलतो

आता मुद्द्याची गोष्ट. बहुतेक ठिकाणी निगराणी म्हणजे इंटरफेसची अवस्था विचारणं. १ आलं तर चालू, २ आलं तर बंद. पडद्यावर हिरवा नाहीतर लाल दिवा. सिरियल टनेलच्या बाबतीत हा दिवा फसवतो. तो सांगतो ती इकडच्या राउटरपासून इकडच्या यंत्रापर्यंतच्या दोन मीटर केबलची खबर. मधल्या चारशे किलोमीटरबद्दल त्याला काहीच माहीत नसतं.

बरं, टनेलचा स्वतःचा दिवा असतो का? जीआरईसारख्या टनेलला राउटरमध्ये स्वतंत्र इंटरफेस मिळतो आणि इंटरफेसच्या तक्त्यात १३१ हा प्रकार-क्रमांक लावून त्याची ओळ येते. स्टनच्या टनेलचा असा इंटरफेस नसतो. तो एक टीसीपी जोडणी आहे, बस्स. इंटरफेसच्या तक्त्यात त्याला शोधणं म्हणजे मतदारयादीत पाहुण्याचं नाव शोधणं.

मग कुठे शोधायचं? जोडणी टीसीपीची, तर टीसीपीच्या तक्त्यात. एसएनएमपीच्या मूळ संचातच राउटरच्या सगळ्या टीसीपी जोडण्यांचा तक्ता आहे. त्याची गंमत अशी की निम्मं उत्तर प्रश्नातच असतं. क्रमांक असा दिसतो: १.३.६.१.२.१.६.१३.१.१.१०.१.१.१.१९९४.१०.२.२.२.११००५. शेवटचा भाग नीट वाचा: आपला पत्ता १०.१.१.१, आपला पोर्ट १९९४, पलीकडचा पत्ता १०.२.२.२, पलीकडचा पोर्ट ११००५. याचं उत्तर ५ आलं की जोडणी जुळलेली आहे. जोडणी तुटली तर ‘बंद’ असं उत्तर येत नाही, ती ओळच नाहीशी होते. पुन्हा जुळली तर पलीकडचा पोर्ट वेगळा, म्हणजे क्रमांकही वेगळा. त्यामुळे एक क्रमांक पकडून बसण्यात अर्थ नाही. दर वेळी तक्ता चाळायचा आणि १९९४ ची ओळ आहे का ते पाहायचं.

हेही पुरेसं नाही. टीसीपी हा स्वभावानं मुका आहे. बोलायला काही नसेल तर तो तासन्‌तास गप्प राहतो आणि पलीकडच्या राउटरची वीज गेली तरी त्याला कळत नाही. तक्त्यात ५ झळकतच राहतो. त्यात लोकल ॲक असेल तर रात्री टनेलमधून जायला काही नसतंच! म्हणजे इकडचा राउटर ‘हजर, हजर’ म्हणतोय, टीसीपी ‘जुळलंय’ म्हणतोय आणि पलीकडे शिपायानं मेन स्विच पाडून घर गाठलंय. सकाळी पहिला व्यवहार गेला की भांडं फुटतं.

यासाठी स्टनमध्ये पलीकडच्या राउटरला अधूनमधून टोचून पाहायची आज्ञा आहे. किती सेकंदांनी टोचायचं ते न सांगता दिली तर ती ३० सेकंद धरते. ही आज्ञा दिलेली नसेल तर बाकी सगळी निगराणी शोभेची. ती दिलीत की सिस्कोचा स्टनसाठीचा खास ट्रॅप, म्हणजे न विचारता जाणारा निरोप, कामाला येतो. पलीकडचा साथीदार जिवंत झाला किंवा गेला, की राउटर स्वतःहून कळवतो. ‘स्टन’ या शब्दासह ट्रॅप चालू करणं ही एका ओळीची आज्ञा आहे, पण राउटरची जुनी कॉन्फिगरेशनं उघडलीत तर इंटरफेसचे ट्रॅप सगळीकडे दिसतील आणि हा क्वचित.

एक अपवाद लक्षात ठेवा. दोन राउटर थेट सिरियल तारेनं जोडून टीसीपीशिवायही स्टन चालवता येतं. तेव्हा राउटर अवस्थेच्या रकान्यात ‘डायरेक्ट’ एवढंच लिहितो. साथीदार जिवंत असो वा नसो, रकान्यात तेच.

४१ दिवसांचं मीटर

एसएनएमपीचा साधा काउंटर ३२ बिटांचा. तो ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९५ पर्यंत जातो आणि पुन्हा शून्यावर येतो. १० मेगाबिटच्या इथरनेटवर सतत पूर्ण भार असेल तर ५७ मिनिटांत, १ गिगाबिटवर ३४ सेकंदांत. पाच मिनिटांनी विचारणारा माणूस तोवर आठ फेऱ्या चुकलेला असतो! म्हणून वेगवान लाइनींसाठी ६४ बिटांचे काउंटर आले. आपल्या ९६०० च्या सिरियल तारेला मात्र हे मीटर एकदा फिरवायला सलग पूर्ण भारानं ४१ दिवसांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हाताऱ्या तारेचा हा एक फायदा.

राउटर किती वेळ चालू आहे हे सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजलं जातं, तेही ३२ बिटांतच. म्हणून ४९७ दिवस झाले की तो आकडा शून्यावर येतो आणि निगराणीचं सॉफ्टवेअर ‘राउटर रीस्टार्ट झाला’ म्हणून ओरडतं. सव्वा वर्षाहून जास्त काळ न पडता चाललेल्या राउटरला बक्षीस काय, तर खोटा आळ.

लेस्टरची एक लाइन

पाच मिनिटांनी विचारायची ही सवय आली कुठून? टोबिआस ओटिकर हा स्विस गडी इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डी मॉन्टफर्ट विद्यापीठात होता. तिथे बाहेरच्या जगाशी जोडणारी लाइन एकच, ६४ किलोबिटची. ती किती भरली हे सगळ्यांनाच हवं होतं. त्यानं पर्ल भाषेत एक प्रोग्राम लिहिला, जो दर पाच मिनिटांनी एसएनएमपीनं राउटरला आकडे विचारायचा आणि वेबपानावर आलेख काढायचा. १९९५ मध्ये तो एमआरटीजी म्हणून बाहेर पडला आणि जगभरच्या नेटवर्कवाल्यांना त्याच्या हिरव्या-निळ्या आलेखाचं वेड लागलं. पाच मिनिटांची ती सवय अजून सुटलेली नाही.

सिरियल टनेलला पाच मिनिटं फार झाली. दोन प्रश्नांच्या मधे जोडणी पडून पुन्हा उठली तर आलेखावर ओरखडाही उमटत नाही. मेनफ्रेमवाले मात्र तोवर चिडलेले असतात. इथे ट्रॅपचाच आधार.

बोंब ठोकायलाही रस्ता हवा

पण ट्रॅपची एक गोम आहे. तो यूडीपीवरून जातो, पोचला की नाही हे कोणी विचारत नाही. शाखेची एकमेव लाइन गेली तर ‘लाइन गेली’ हा निरोप जाणार कुठून? त्याच लाइनीवरून! एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत पोच मागणारा ‘इन्फॉर्म’ आला. पोच मिळेपर्यंत तो पुन्हा पाठवता येतो. शाखांसाठी तोच वापरा.

टोस्टर आणि किटली

एसएनएमपीची मजा राउटरपुरतीच नाही. १९९० च्या इंटरॉप या नेटवर्किंगच्या प्रदर्शनात जॉन रॉमकी यांनी एक टोस्टर मांडला. तो टीसीपी-आयपीनं जोडलेला होता आणि एसएनएमपीच्या आज्ञेनं चालू-बंद व्हायचा. ब्रेड मात्र माणसालाच आत घालावा लागे. पुढच्या वर्षी त्यासाठी लेगोची छोटी क्रेन आली, तिलाही इंटरनेटवरूनच हुकूम. त्यानंतर १ एप्रिल १९९८ ला आरएफसी २३२५ निघाला: कॉफीच्या किटलीवर एसएनएमपीनं नजर कशी ठेवावी याचा रीतसर दस्तऐवज. तारीख पाहिलीत ना? तरी त्यातले तक्ते व्याकरणाला धरून आहेत.

तात्पुरती सोय

१९८८ च्या एप्रिलमध्ये इंटरनेटच्या कारभाऱ्यांनी आरएफसी १०५२ मध्ये ठरवलं: सध्या एसएनएमपी वापरू, पुढेमागे सीएमआयपी नावाची भारदस्त पद्धत येईल. ऑगस्टमध्ये केस, फेडॉर, शॉफस्टॉल आणि डेव्हिन यांचा आरएफसी १०६७ आला. भारदस्त पद्धत इंटरनेटवर रुजलीच नाही. २००२ मध्ये नेटवर्क चालवणाऱ्यांना बोलावून विचारलं, तेव्हा कळलं की एसएनएमपीनं आकडे सगळे वाचतात, राउटरची कॉन्फिगरेशन मात्र त्यानं जवळपास कोणी बदलत नाही. लोक शहाणे आहेत, हे पुढचं वाचून पटेल.

बारा वाजवणारा १२

टीसीपी जोडण्यांच्या ज्या तक्त्यात आपण ५ शोधत होतो, त्यात बाहेरून एकच आकडा लिहायची मुभा मानकानं दिली आहे: १२. तो लिहिला की जोडणी तिथल्या तिथे पुसली जाते. सगळे राउटर ही मुभा देत नाहीत, पण देणाऱ्या राउटरवर मेनफ्रेमची शाखा एका पाकिटात बंद पाडता येते. त्यासाठी लागतो एक परवलीचा शब्द. एसएनएमपीच्या पहिल्या दोन्ही प्रचलित आवृत्त्यांत हा शब्द तारेवरून उघडावाघडा जातो आणि कित्येक यंत्रं कारखान्यातून वाचायला ‘पब्लिक’, लिहायला ‘प्रायव्हेट’ असे शब्द घेऊनच येत. फेब्रुवारी २००२ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या मंडळींनी दाखवून दिलं की वेडीवाकडी पाकिटं पाठवली तर ढिगानं कंपन्यांचे एसएनएमपी प्रोग्राम कोलमडतात. त्यावर अमेरिकेतल्या सर्ट या संगणक-सुरक्षा केंद्रानं जगभर इशारा काढला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिसरी आवृत्ती पूर्ण मानकाच्या रूपात प्रसिद्ध झाली. तिच्यात ओळख पटवणं आणि मजकूर कुलूपबंद करणं, दोन्हीची सोय आहे.

तेव्हा तुमच्या ऑफिसातल्या राउटरवर, स्विचवर, कोपऱ्यातल्या प्रिंटरवर ‘प्रायव्हेट’ अजून चालतंय का ते आज तपासा आणि चालत असेल तर उद्यावर टाकू नका.